बोर्ड तुझ्या ओळखीचा हवा

सोनू,

होळी तोंडावर आली, म्हणजे आता तुमच्याकडे गच्चीवरचा कूलर खाली आणायची घाई सुरू होईल. नवं भाड्याचं घर, रांगतं लेकरू, उन्हाळाभर राहायला येणाऱ्या सासूबाई आणि ४५ अंशांपर्यंत तापणारं नागपूर. परवा फोनवर तू पडद्यांचं विचारलंस, पाण्याच्या टाकीचं विचारलंस, बाळाच्या पाळण्याचंही विचारलंस. विजेचा विषय निघाला तेव्हा मात्र एका वाक्यात मोकळी झालीस, ‘ते घरमालकानं सगळं केलेलं आहे ताई, चालतंय व्यवस्थित.’ म्हणून आज सविस्तर सांगते. निवांत बसून वाच, आणि वाचून झालं की उठून घरात एक फेरी मार.

अगं, पंखा फिरतो, फ्रीज गार करतो, गीझर पाणी तापवतो. ही सगळी कामं अर्थिंगची तार तुटलेली असली तरी बिनबोभाट होतात. त्या तारेची गरज रोज पडत नाही. वस्तूच्या आत कुठेतरी विजेची तार उघडी पडून पत्र्याला टेकते, तेव्हाच ती लागते. आणि नेमकी त्या वेळी ती नसेल, तर तिचं काम हात लावणाऱ्या माणसाच्या अंगावर येतं. म्हणून वस्तू चालते आहे, एवढ्यावरून ती हात लावण्याजोगी आहे असं कधीही धरून चालू नकोस.

आपल्या घरांत विजेचं काम म्हणजे पुरुषांचं खातं, असंच आपण लहानपणापासून पाहत आलो. फ्यूज गेला की बाबा, वायरमनला बोलवायचं तर काका. पण दिवसभर मिक्सर, वॉशिंग मशीन, इस्त्री, गीझर, फ्रीज यांना हात कुणाचा लागतो? तोही बहुतेक वेळा ओला. ज्याचा हात लागतो त्याला त्या वस्तूमागची वीज कुठून येते, कुठे बंद होते आणि कशानं अडते, हे ठाऊक असलंच पाहिजे. तुला वायरिंग शिकायचं नाही. फक्त घराचा बोर्ड तुझ्या ओळखीचा हवा.

तर आज बाळ झोपलं की मीटरपासून घरात आलेल्या वायरीचा माग काढ आणि मेन स्विचचा डबा उघड. आतल्या कशालाही स्क्रूड्रायव्हर लावायचा नाही, फक्त बघायचं. एका ओळीत छोटे छोटे खटके दिसतील, त्या एमसीबी. त्यांच्यावर ६, १०, १६, ३२ असे आकडे असतात, ते ॲम्पिअरचे. एमसीबीचं काम वायर राखणं. वायरीतून झेपेल त्यापेक्षा जास्त वीज ओढली गेली किंवा शॉर्टसर्किट झालं, की ती पडते आणि आग टळते. माणसाला राखणं हे तिचं काम नाही. आकडेच बघ ना. १६ ॲम्पिअर म्हणजे १६,००० मिलिॲम्पिअर. माणसाच्या छातीतून ३० मिलिॲम्पिअरच्या वर वीज काही क्षण वाहिली, तरी हृदयाची लय बिघडून जीव जाऊ शकतो. तेवढ्यानं एमसीबी जागची हलतसुद्धा नाही.

माणसाला राखणारा खटका वेगळा असतो. त्याला आरसीसीबी म्हणतात. तो एमसीबीपेक्षा रुंद असतो आणि त्यावर ‘टेस्ट’ किंवा नुसतं ‘टी’ लिहिलेलं एक बारीक बटण असतं. ते बटण हीच खरी खूण. नुसता रुंद खटका पाहून समाधान मानू नकोस, कारण दोन खणांची साधी एमसीबीही तशीच दिसते. आरसीसीबीचं काम दुधाच्या हिशेबासारखं आहे, गेलेलं आणि आलेलं जुळलं पाहिजे. फेजच्या तारेतून जेवढी वीज घरात गेली, तेवढीच न्यूट्रलमधून परत यायला हवी. मध्येच थोडी जरी दुसऱ्या वाटेनं, म्हणजे कूलरच्या पत्र्यातून, ओल्या भिंतीतून किंवा माणसाच्या अंगातून जमिनीत निघून गेली, की हा फरक पकडून आरसीसीबी क्षणार्धात सगळी वीज तोडते. तिच्यावर ३० मिलिॲम्पिअर हा आकडा असला पाहिजे. १०० किंवा ३०० मिलिॲम्पिअरवाल्याही मिळतात, पण त्या आगीपासूनच्या बचावासाठी असतात. माणसासाठी तीसचीच.

ती असेल तर आजच तिचं टेस्टचं बटण दाब. घरातली वीज खटकन जायला हवी. गेली तर खटका पुन्हा वर करून टाक. नाही गेली तर ती आरसीसीबी नावापुरती आहे, बदलूनच घे. वर्षानुवर्षं न हललेला खटका आतून अडकून बसू शकतो, म्हणून दर महिन्याला विजेचं बिल आलं की हे बटण दाबायचं, असं ठरवूनच टाक. दाबण्याआधी कॉम्प्युटर वगैरे बंद करून ठेव, म्हणजे झालं.

एक मर्यादाही सांगते, नाहीतर आरसीसीबी आहे म्हणून निर्धास्त होशील. एका हातात फेज आणि दुसऱ्या हातात न्यूट्रल धरली, तर तिचा हिशेब बरोबर जुळतो आणि ती पडत नाही. म्हणजे उघड्या तारांना हात न लावणं याला पर्याय नाही. आणि ती वारंवार पडायला लागली, तर कृपा करून तिला बाजूला काढून वायर थेट जोडायला कुणाला सांगू नकोस. ‘मॅडम, ही सारखी पडते, काढूनच टाकतो’ असं म्हणणारे भेटतात. ती पडते आहे, कारण घरात कुठेतरी वीज गळते आहे. सगळे प्लग काढ, मग एकेक लाव. ज्या वस्तूनं ती पडेल, ती वस्तू दुरुस्तीला. सगळे प्लग काढूनही पडत असेल, तर गळती वायरिंगमध्ये आहे. मग ते वायरमनचं काम.

जुनं घर असेल तर त्या डब्यात एमसीबीऐवजी चिनी मातीचे किटकॅट फ्यूज निघतील. त्यांत फ्यूजची बारीक तार असायला हवी. सारखा जातो म्हणून कुणीतरी तिथे तांब्याची जाड तार गुंडाळून ठेवलेली असते. ती तार कधीच वितळणार नाही, त्याऐवजी भिंतीतली वायर तापेल. असं काही दिसलं तर घरमालकाला त्याच दिवशी फोन.

आता अर्थिंग. आपल्या तीन पिनांच्या प्लगमध्ये वरची पिन जाड आणि लांब असते ना, ती अर्थिंगची. लांब अशासाठी, की प्लग खोचताना अर्थिंग सगळ्यांत आधी जोडलं जावं आणि काढताना सगळ्यांत शेवटी सुटावं. ही पिन मोडलेला प्लग, ती कापून दोन पिनांच्या पॉइंटमध्ये बसवलेला प्लग, किंवा तीनाचं दोन करणारं अडॅप्टर घरात दिसलं, तर टाकून दे. प्लगच नाही म्हणून उघड्या तारा पॉइंटमध्ये कोंबून वर आगकाडी खोचणं, हेही आपण कितीतरी ठिकाणी पाहिलंय. तुझ्या घरात ते एकदाही होता कामा नये.

पण पिन असली म्हणजे अर्थिंग आहे, असंही नाही. त्या पिनेमागची हिरवी तार बोर्डातून मेनपर्यंत आणि तिथून जमिनीतल्या अर्थिंगच्या खड्ड्यापर्यंत अखंड गेली पाहिजे. खड्ड्यात नळी किंवा प्लेट पुरून भोवती कोळसा आणि मीठ घातलेलं असतं आणि ते ओलं राहावं लागतं. तुमच्याकडची काळी माती उन्हाळ्यात कशी भेगाळते, ते तू पाहतेसच. म्हणजे ज्या दिवसांत कूलर लागतो, त्याच दिवसांत अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो. म्हणून घरमालकाला विचार, खड्डा कुठे आहे. उन्हाळाभर अधूनमधून त्यात बादलीभर पाणी ओतत जा.

अर्थिंग किती चांगलं हवं, याचाही हिशेब आहे. घरच्या अर्थिंगचा रोध ५ ओहमच्या आत असावा. वीज २३० व्होल्टची. पत्र्याला तार टेकली तर ५ ओहमच्या अर्थिंगमधून ४६ ॲम्पिअर वाहतील आणि १६ची एमसीबी बहुधा पडेल. खड्डा सुकून रोध ५० ओहमवर गेला, तर जेमतेम साडेचार ॲम्पिअर वाहतील. एमसीबी ढिम्म राहील आणि कूलरच्या पत्र्यात वीज तशीच उभी. म्हणूनच मी आरसीसीबीसाठी एवढा हट्ट धरतेय. सुकलेल्या अर्थिंगमधूनही तेवढी वीज गेली, तर ती लगेच पडते. अर्थिंग आणि आरसीसीबी, दोन्ही हवीत. एक आहे म्हणून दुसरी नको, असं नाही.

आता कूलरकडे वळू. विदर्भात दर उन्हाळ्यात कूलरचा शॉक लागून माणसं जातात, लहान मुलं जातात. महावितरण दर वर्षी त्यासाठी आवाहनं काढते. कूलरमध्ये लोखंडी पत्रा, पाणी आणि वीज ही तिन्ही एकाच पेटीत असतात, आणि ती पेटी आपण घरातल्या सगळ्यांत वावरत्या खोलीच्या खिडकीत ठेवतो.

कूलर खाली आणला की आधी त्याच्या वायरी बघ. खसच्या ताट्या काढून आत डोकाव. पंपाची वायर ज्या भोकातून बाहेर येते, तिथे रबरी कडी आहे का? नसेल तर पत्र्याची धार रोजच्या थरथरीनं वायरीचं आवरण हळूहळू कापत जाते. पंपाची वायर आखूड पडली म्हणून टाकीतच दुसरी वायर जोडून त्यावर चिकटपट्टी गुंडाळली आहे का? पाण्यात पट्टी सुटते आणि टाकीतलं पाणीच विजेचं होतं. असा जोड असेल तर तो काढून सलग वायरीचा नवा पंप घे. कूलरमधल्या सगळ्या वस्तूंत पंप स्वस्त असतो, आणि धोका सगळ्यांत जास्त त्याचाच.

मग मुख्य वायर. गल्लीतल्या कारागिराकडून बनवून घेतलेल्या लोखंडी कूलरला कित्येकदा दोनच तारांची वायर असते, म्हणजे अर्थिंगचा पत्ताच नाही. तीन तारांची वायर आणि तीन पिनांचा प्लग लावून घे. हिरवी तार कूलरच्या पत्र्याला बोल्टनं घट्ट आवळायची, आणि बोल्टखालचा रंग खरवडून मगच. रंगावर आवळलेली तार पत्र्याला टेकतच नाही. वायरमन हे करत असताना तू शेजारी उभी राहा आणि रंग खरवडला की नाही, ते डोळ्यांनी बघ.

आता रोजची शिस्त. पाणी भरायचं तर आधी खटका बंद, मग प्लग बाहेर, मगच पाइप टाकीत. नुसता खटका बंद करून भागत नाही, कारण वायरिंग करताना चुकून खटका न्यूट्रलवर बसवलेला असेल, तर तो बंद असूनही कूलरपर्यंत फेज पोचलेली असते. भरताना सांडलेलं पाणी पुसून घे, पायात कोरडी रबरी चप्पल असू दे, आणि हात पुसूनच प्लग परत लाव. ताट्या बदलणं, पंपात अडकलेला काडीकचरा काढणं, टाकी धुणं, सगळं प्लग काढूनच. पंप वायरीला धरून उचलायचा नाही. टाकीत पाणी नसताना पंप चालवायचा नाही, तो जळतो आणि जळताना त्याचं आवरणही जातं.

रांगतं बाळ कूलरजवळ नको. वाऱ्याच्या झोतात तोंड घालायला मुलांना आवडतं, आणि जाळीला धरून उभं राहायलाही. खोलीत टेकवलेला कूलर असेल तर तो बाहेर खिडकीच्या स्टँडवर ने. प्लास्टिकच्या कूलरची पेटी शॉक देत नाही हे खरं, पण त्याच्याही टाकीत पंप आहे, म्हणून पाण्याचे नियम त्याला तेच. सासूबाईंना हे सगळं नीट समजावून सांग. दुपारी तू कामात असशील आणि त्या मायेनं पाणी भरायला जातील.

कूलरला किंवा फ्रीजला हात लावल्यावर मुंग्या येतात, झिणझिण्या येतात, असं घरातलं कुणीही म्हणालं, तर ‘थोडंसं होतं, पावसाळ्यात होतंच’ हे उत्तर चालवून घेऊ नकोस. त्या झिणझिण्यांचा अर्थ असा, की पत्र्यात वीज आली आहे आणि अर्थिंगनं तिला वाट दिलेली नाही. आज कोरडी चप्पल होती म्हणून झिणझिण्यांवर भागलं. उद्या ओल्या फरशीवर अनवाणी पाय असेल. त्या वस्तूचा प्लग त्याच क्षणी काढ आणि अर्थिंग तपासल्याशिवाय लावू नकोस. वॉशिंग मशीनला तर हे जास्तच लागू, कारण ती ठेवतोच आपण मोरीत किंवा बाथरूमच्या तोंडाशी. हात घालून कपडे काढण्याआधी तिचा खटका बंद झालाच पाहिजे.

आता प्लगपॉइंट. घरात लहान पॉइंट ६ ॲम्पिअरचे आणि मोठे १६चे असतात. लहान पॉइंटवर जास्तीत जास्त १,३८० वॅट झेपतात. १,००० वॅटची इस्त्री चालेल. २,००० वॅटचा गीझर किंवा इंडक्शनची शेगडी नऊच्या जवळपास ॲम्पिअर ओढते, तिला मोठाच पॉइंट हवा. मोठ्या प्लगला लहान पॉइंटमध्ये बसवणारे कन्व्हर्टर दुकानात सर्रास मिळतात, ते घेऊ नकोस. आणि एक्स्टेन्शन बोर्ड बहुतेक ६ ॲम्पिअरचेच असतात, ते मोबाइल, टेबलफॅन यांच्यासाठी. फ्रीज, इस्त्री, शेगडी, हीटर त्यावर नको. तो बोर्ड गालिच्याखालून किंवा दाराच्या फटीतूनही न्यायचा नाही.

एक सोपी सवय लाव. इस्त्री किंवा शेगडी पंधरा मिनिटं चालवून बंद केलीस, की प्लग काढताना त्याच्या प्लास्टिकला हात लावून बघ. गरम लागतोय? मग आतली पकड सैल झाली आहे. पॉइंटभोवती पिवळट-तपकिरी कडं, करकर आवाज, जळक्या प्लास्टिकचा वास, खटका दाबताना ठिणगी, यांतलं काहीही दिसलं तर तो पॉइंट बदलून घे. आग लागण्याआधी हेच सगळं आपल्याला दिसत असतं.

स्वयंपाकघराचं थोडक्यात सांगते. मिक्सरचं पातं धुण्याआधी आणि भांडं अडकलं तर सोडवण्याआधी प्लग बाहेर. तो सलग किती मिनिटं चालवायचा, हे खालच्या पट्टीवर लिहिलेलं असतं. डोशाचं पीठ वाटताना मध्ये मध्ये थांब. मध्येच बंद पडला तर खालचं लाल बटण दाबण्याआधी त्याला थंड होऊ दे. फ्रीजच्या मागे हात जाईल एवढी जागा सोड आणि वर्षातून दोनदा प्लग काढून मागची धूळ झाड. बर्फ सुरीनं खरवडू नकोस. आणि मोबाइलचा चार्जर खटका चालू ठेवून पॉइंटवर लोंबकळत ठेवायचा नाही, बाळ त्याचं टोक तोंडात घालतं. खालच्या उंचीवरच्या पॉइंटना झाकणं लावून घे.

घरात इन्व्हर्टर असेल तर एक गोष्ट घरातल्या सगळ्यांना सांगून ठेव. मेन स्विच बंद केला तरी इन्व्हर्टरवरचे पंखे-दिवे जिवंतच असतात. दुरुस्तीला कुणी आलं तर इन्व्हर्टरही बंद करायचा. त्याच्या पाण्याच्या बॅटरीतून चार्जिंगच्या वेळी ज्वालाग्राही वायू निघतो, म्हणून ती हवेशीर जागी हवी आणि तिच्याजवळ देवघराचा दिवा किंवा उदबत्ती नको. पाण्याची पातळी दोन-तीन महिन्यांनी बघायची आणि डिस्टिल्ड वॉटरच घालायचं.

पावसाळा आला की आधी अंगण बघ. कपडे वाळत घालायला लोखंडी तार बांधलेली असेल तर ती काढून नायलॉनची दोरी लाव. सर्व्हिस वायर घासून किंवा लोंबकळून त्या तारेला टेकते. बाई ओले कपडे टाकायला जाते आणि तिथेच चिकटते. तिला सोडवायला धावलेला माणूसही जातो. अशा बातम्या आपल्या राज्यात पावसाळ्यात येतच राहतात, आणि यावरचा उपाय एका दोरीच्या किमतीचा आहे. पत्र्याच्या छतावरून, लोखंडी खांबाला गुंडाळून गेलेली वायरही तशीच धोक्याची. खांबापासून मीटरपर्यंतची वायर सैल झाली, ठिणग्या पडल्या, तर ते काम वीज कंपनीचं. १९१२ वर तक्रार नोंदव आणि तोवर त्या बाजूला कुणाला फिरकू देऊ नकोस. गणपतीच्या मखरात आणि दिवाळीच्या आकाशकंदिलात एलईडीच लाव, कारण साधा बल्ब कागद-कापड तापवतो. माळांचे जोड उघडे ठेवू नकोस आणि त्या लोखंडी ग्रिलला थेट गुंडाळू नकोस.

थंडीत गीझर. अंघोळीला शिरण्याआधी तो बंद, हा नियम पाहुण्यांनाही. बोअरचं पाणी जड असेल तर आतल्या हीटिंग एलिमेंटवर पांढरा थर चढतो. थराखाली ते जास्त तापून फुटतं आणि वीज पाण्यात उतरते. म्हणून वर्षातून एकदा तो उघडून साफ करून घ्यायचा, थर्मोस्टॅट आणि सेफ्टी व्हॉल्व्ह तपासायचा. व्हॉल्व्हमधून थेंब पडतात म्हणून त्याला बूच मारू नये, आतला दाब बाहेर जायची ती वाट आहे. बादलीत सोडायचा हीटिंग रॉड तुझ्या घरात नसावा असंच मला वाटतं. लागलाच तर प्लास्टिकची बादली, रॉड पाण्यात खुणेपर्यंत बुडवल्यावर खटका चालू, आणि खटका बंद करून प्लग काढल्यावरच रॉड बाहेर. पाणी तापलं का हे बोट घालून बघायचं नाही, कधीच नाही. चालू रॉड एकटा सोडून शेजारी जायचंही नाही.

आणि इतकं करूनही कुणाला शॉक लागलाच तर? हे तू, सासूबाई आणि तुझा नवरा, तिघांनी एकत्र बसून बोलून ठेवा. शॉक लागलेला माणूस चिकटलेला असताना त्याला हात लावायचा नाही. आधी मेन बंद. तो लगेच हाती लागत नसेल तर कोरडं लाकूड, प्लास्टिकची खुर्ची, काहीतरी कोरडं घेऊन त्याला त्या वस्तूपासून ढकलायचं, आणि आपण स्वतः कोरड्या जागी उभं राहायचं. सुटल्यावर १०८ किंवा ११२ला फोन. श्वास चालू नसेल तर छातीच्या मधोमध दोन्ही तळहात ठेवून जोरात दाब द्यायचा, मोठ्या माणसाची छाती पाचएक सेंटिमीटर दबेल इतका, मिनिटाला १०० ते १२० वेळा, मदत येईपर्यंत न थांबता. लहान बाळासाठी ही रीत वेगळी असते. हे एकदा जवळच्या दवाखान्यात किंवा प्रशिक्षणात प्रत्यक्ष शिकून घे. शॉक लागलेल्याला मातीत पुरायचं वगैरे कुणी सांगेल, त्यात एक मिनिटही घालवू नकोस. माणूस उठून बसला, बरं वाटतंय म्हणाला, तरी दवाखान्यात नेऊन हृदय तपासून घ्यायचंच. आग लागली तर मेन बंद होईपर्यंत पाणी टाकायचं नाही. कोरडी वाळू किंवा पावडरचं अग्निशामक, आणि १०१ला फोन.

वस्तू घेताना आयएसआयचं चिन्ह बघ आणि त्याखाली सीएम/एल असा क्रमांक आहे का तेही. बीआयएस केअर या ॲपवर तो क्रमांक टाकला की परवाना खरा की खोटा, ते कळतं. वायर घेतलीस तर तांब्याची, मोठ्या पॉइंटसाठी २.५ आणि गीझरसाठी ४ चौरस मिलिमीटरची. काम करणारा माणूस परवानाधारक असू दे. आयटीआयमधून तारतंत्री किंवा वीजतंत्री झालेली मुलं तुमच्या भागात नक्की मिळतील. ‘चालतंय मॅडम, काही होत नाही’ म्हणणारा स्वस्तात पडला तरी नको.

घरमालकाशी बोलताना भांडू नकोस, पण गुळमुळीतही बोलू नकोस. ‘घरात लहान बाळ आहे, आम्हाला ३० मिलिॲम्पिअरची आरसीसीबी आणि तपासलेलं अर्थिंग हवंय, अर्धा खर्च आम्ही देतो’ असं सरळ सांग. चांगली आरसीसीबी साधारण एका मिक्सरच्या किमतीत येते. त्यानं टाळलंच तर सगळा खर्च तुम्ही करा, घर सोडाल तेव्हा काढून न्या. पण ती बसेपर्यंत कूलर सुरू करायचा नाही. चार दिवस नुसत्या पंख्यावर काढा, ओल्या पंच्यानं बाळाचं अंग पुसत राहा, दुपारी गारव्याला शेजारी जाऊन बसा. उकाड्याचे ते चार दिवस निघून जातात.

शनिवारी वायरमनला बोलाव. त्यानं अर्थिंगचा रोध मोजून किती आला, तो आकडा मला कळव. आणि आरसीसीबीचं बटण तू स्वतः दाबून बघितलंस, हेही तुझ्याच तोंडून ऐकायचंय मला.

तुझी,
ताई